बौशरच्या बास्केटबॉल अध्यक्षांची बाजू

अर्जदार : मी स्वतः, अर्ज, विनंत्या, खुलासे व करारपत्रे लिहून देणारा, मस्कतमधील अल् घुब्रा येथील टायपिंगच्या दुकानात खुर्ची टाकून बसलेला, मूळ राहणार रत्नागिरी जिल्हा.

ज्यांच्याबाबत : बौशर येथील फिलिपिनो बास्केटबॉल लीगचे माजी अध्यक्ष, व्यवसायाने दातांच्या कवळ्या बनवणारे.

ज्यांच्याकडे मागणी : सदर लीगचे विद्यमान अध्यक्ष, व्यवसायाने हॉटेलातील आचारी.

काळ : २०१०च्या दशकाची मधली वर्षे, वार बहुतेक शुक्रवार.

साक्षीदार : एक, मैदानाचे ओमानी मालक. दोन, माझी पत्नी, जिने या प्रकरणात कोणीही न विचारता वेळोवेळी साक्ष दिलेली आहे.

भांडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. त्यांच्याच कृपेने माझी खुर्ची टिकून आहे. परंतु भांडण नीट मांडले जावे, त्यात मुद्दे असावेत, आणि समोरच्याची बाजूही आपल्याइतकीच ठणठणीत असावी, यासाठी जीव टाकणारा मनुष्य मी या पृथ्वीवर एकच पाहिला. तो कोकणात नव्हे, पुण्यातही नव्हे, मस्कतमध्ये पाहिला. उंची बेताची, वय पंचावन्नच्या पुढचे, केस काळेभोर आणि चापून बसवलेले. शुक्रवारी सकाळी बौशरच्या उन्हात, जेथे बाकी सारे बनियनमध्ये घामाने निथळत असत, तेथे हे गृहस्थ पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय घालून एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. हातात लहानशी पितळी घंटा असे. ती त्यांनी मत्राच्या जुन्या बाजारातून आणली होती आणि ती मुळात शेळीच्या गळ्यातली होती, ही गोष्ट मला दुकानदाराकडून कळली. अध्यक्षांना ती मी कधीही कळू दिली नाही. मी वकील नव्हे, हे मी पहिल्याच भेटीत त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि माझी हरकत फेटाळली. तेव्हापासून मी त्यांचा ‘अ‍ॅटर्नी’ झालो. शालान्त परीक्षेशी माझे दोनदा मतभेद झालेले असल्याने ही पदवी मला परक्या देशात, परक्या माणसाकडून मिळाली, याची येथे कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. आम्हां दोघांत इंग्रजी चाले, म्हणजे गल्फमध्ये ज्याला इंग्रजी म्हणतात ते; त्यात हिंदी, अरबी आणि हातवारे यांचाही समावेश असतो. वाचकांच्या सोयीसाठी मी ते शुद्ध करून मराठीत देत आहे.

पहिली भेट अशी झाली. एका संध्याकाळी ते एका उंच, लाजाळू तरुणाला दंडाला धरून दुकानात घेऊन आले. तरुणाचा संघ हरला होता आणि त्याला तक्रार करायची होती. मी विचारले, “कोणाविरुद्ध?” तरुण खाली पाहू लागला. तेव्हा अध्यक्षच म्हणाले, “माझ्याविरुद्ध. मी सामना अर्धा तास उशिरा सुरू केला. पण याला इंग्रजी लिहिता येत नाही, म्हणून घेऊन आलो.” मी नेहमीच्या पद्धतीने दोन सौम्य परिच्छेद लिहिले. त्यांनी चष्मा वर करून ते वाचले आणि त्यांचा चेहरा पडला. “अ‍ॅटर्नी,” ते म्हणाले, “हे फार कच्चे आहे. असे लिहिलेत तर मी ही तक्रार सहज फेटाळीन.” मग त्यांनी माझ्या शेजारी बसून स्वतःविरुद्धचे तीन नवे मुद्दे सांगितले, त्यातील एक तर त्या तरुणाला ठाऊकही नव्हता. पुढच्या शुक्रवारी सुनावणी होऊन ती तक्रार फेटाळली गेली, परंतु मोठ्या कष्टाने, असे ते मला समाधानाने सांगत होते.

त्यांच्या मायदेशात, फिलिपीन्समध्ये, बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट आणि गणपती मिळून जे होते ते. परंतु तेथे खेळाइतकीच खेळाची संघटनाही लोकांना प्रिय असावी. कारण त्या वर्षांत कधी या खेळाच्या, कधी त्या खेळाच्या दोन-दोन संघटना निघत. दोन्हींचे अध्यक्ष खरे, दोन्हींच्या निवडणुका कायदेशीर, आणि खेळाडू बिचारे कोणाच्या बसमध्ये चढावे या विचारात उभे. अशी बातमी आली की अध्यक्ष मोबाइल पुढे धरून दुकानात येत. “अ‍ॅटर्नी, पाहा! कोरम नसताना निवडणूक!” आपल्याकडे शेजारी चोरी झाल्याचे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात ते हे सांगत. मी म्हणे, “तुम्ही तेथे असायला हवे होते.” ते खुर्चीत बसत, टाय सैल करीत आणि म्हणत, “म्हणून तर मी येथे एक तरी लीग नीट ठेवतो.”

ही शिस्त केवळ मैदानापुरती नव्हती. समोरच्या मल्याळी चहावाल्याकडे आम्ही दोघेच जरी गेलो, तरी ते आधी चहाचा ठराव मांडत आणि मी अनुमोदन देईपर्यंत हात वर करीत नसत. एकदा मी विनोदाने अनुमोदन दिले नाही. ते खरोखरच चहा न घेता परतले, आणि दुसऱ्या दिवशी तोच ठराव पुन्हा मांडला. दवाखान्यात ते कवळ्या बनवत; नवी कवळी रुग्णाच्या तोंडात बसवून पाहण्याच्या वेळी डॉक्टर त्यांना बोलावीत. अध्यक्ष रुग्णाच्या तोंडात पाहून गंभीरपणे विचारीत, “कोणाची काही हरकत?” रुग्णाच्या तोंडात नवे दात, जुनी भीती आणि डॉक्टरांची बोटे असल्यामुळे त्याला काही बोलता येत नसे. “हरकत नाही. मंजूर,” असे म्हणून अध्यक्ष पुढच्या कामाला लागत. माझ्या सासऱ्यांची कवळी त्यांनीच केली. सासरे ती घालून रत्नागिरीत आजही सुपारी फोडतात, तेव्हा त्या मंजुरीत दोष काढता येणार नाही.

लीगमधले संघ प्रांतवार असत, आणि कोणता खेळाडू खरोखर कोणत्या प्रांताचा, हा कायमचा तंटा असे. कारण उंच मनुष्य दिसला की चार प्रांत त्याला आपला म्हणत. अध्यक्षांचा कागदपत्रांवर विश्वास नव्हता. ते खेळाडूला समोर उभे करून एकच प्रश्न विचारीत : “तुझी आई माशाच्या आंबट कालवणात आंबट म्हणून काय घालते?” कोणी चिंच म्हणे, कोणी कच्चा पेरू म्हणे, कोणी बिंबल म्हणे. त्यावरून ते प्रांतच काय, खाडीचा कोणता काठ तेही सांगत. हे ऐकून मला त्यांच्याविषयी जे वाटले ते केवळ कोकणी माणसालाच समजेल; कारण कोकम की चिंच की बिंबल, यावरून तालुका ओळखणारी मावशी आमच्या घरी होती. परंतु एकदा एक सहा फुटी मुलगा म्हणाला, “सर, माझी आई पाकिटातली पावडर घालते.” अध्यक्षांनी घंटा खाली ठेवली. त्यांच्या मते तो आता कोणत्याच प्रांताचा उरला नव्हता. शेवटी त्यांनी त्याला सहानुभूतीच्या तत्त्वावर खेळू दिले.

लीगची लेखी घटना माझ्या हातची आहे. अध्यक्षांनी ती मागितली तेव्हा माझ्याजवळ नमुना म्हणून एकच घटना होती, ती म्हणजे आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची, मुंबई शाखेची. मी तिचेच इंग्रजी केले आणि जेथे ग्रामदेवता होती तेथे बास्केटबॉल घातला. आमच्या मंडळात असा नियम आहे की, प्रत्येक पदाधिकाऱ्याने वर्षातून एकदा तरी शिमग्याच्या पालखीला स्वतःचा खांदा दिला पाहिजे. मुंबईत बसून नुसती सही चालणार नाही. त्याचे रूपांतर असे झाले की, प्रत्येक पदाधिकाऱ्याने मोसमातून एकदा तरी स्वतः मैदानात उतरून खेळले पाहिजे. न खेळल्यास पद रिकामे. अध्यक्षांना हे कलम इतके आवडले की त्यांनी ते उभे राहून मोठ्याने वाचले. स्वतः ते दरवर्षी एका सामन्यात एक मिनिट उतरत आणि मैदानाच्या मधोमध टाय खिशात घालून, कोणाला अडथळा होऊ नये अशा बेताने उभे राहत. एकदा चुकून चेंडू त्यांच्या हातात आला, तेव्हा त्यांनी तो पंचाकडे नेऊन विचारले की हा आपल्यासाठीच होता काय.

आता मूळ प्रकरण. त्यांच्या पद्धतीत मोसमाच्या पहिल्या दिवशी सर्व संघ मिरवणुकीने मैदानात येतात आणि प्रत्येक संघापुढे एक सुंदर पोशाख केलेली तरुणी चालते. तिला म्यूज म्हणतात. म्यूज नसेल तर त्या संघाची मिरवणूक ग्राह्य धरत नाहीत. ही प्रथा मला मान्य आहे. अध्यक्षांनी मात्र ती आमच्याही माथी मारण्याचा प्रयत्न केला. गणपतीत ते आमच्या फ्लॅटवर आले होते, आम्ही मूर्ती उचलून विसर्जनासाठी गाडीकडे निघालो, तेव्हा रांगेकडे पाहत त्यांनी मला हळूच विचारले, “टीम उत्तम आहे. म्यूज कोण?” पत्नीने विचारले, “अहो, ते काय म्हणतायत?” मी अर्थ सांगितला. तिने हातातले ताट सावरले, पदर नीट केला आणि ती म्हणाली, “सांगा त्यांना, मीच आहे.” अध्यक्षांनी वाकून नोंद घेतली.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत उपाध्यक्षांच्या संघाची म्यूज म्हणून त्यांची मेव्हणी चालत आली. उपाध्यक्ष म्हणजे तेच, ज्यांच्याकडे आज माझी मागणी आहे : हॉटेलातील आचारी, देहाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार, आणि डोळ्यांत पाणी येण्यास कोणतेही कारण चालणारे. अध्यक्षांनी घंटा वाजवली. सदर मेव्हणी मागच्या मोसमात दुसऱ्या संघाची म्यूज होती, आणि त्या संघाची लेखी मोकळीक तिने आणलेली नव्हती. खेळाडूला जो नियम तोच म्यूजला, असा निर्णय झाला. मेव्हणी रडली, आचारी तिच्याहून अधिक रडले, आणि “मी राजीनामा देतो!” असे ओरडून अर्धे संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. आठवडाभरात बौशरमध्ये दोन लीग झाल्या. दोन्ही खऱ्या, दोन्हींची घटना एकच, कारण आचाऱ्यांनी जाताना तीच नेली होती.

दोन्ही पक्ष अर्थातच माझ्याकडे आले. अर्ज लिहिणारा हा डॉक्टरसारखा असतो; आजारी कोणत्या बाजूचा हे तो पाहत नाही. एक दिवस आचारी समोर बसून सांगत होते, “अ‍ॅटर्नी, त्याच्यापेक्षा कडक लिहा. लिहा की तो हुकूमशहा आहे. लिहा की त्याला मन नाही.” मी लिहीत होतो. तेवढ्यात फोटोकॉपी मशीनच्या मागून आवाज आला, “‘मन नाही’ हा मुद्दा होऊ शकत नाही. पुरावा काय?” अध्यक्ष तेथे आपल्या प्रती मोजत उभे होते. आचारी उठून म्हणाले, “पुरावा? माझी मेव्हणी अजून जेवत नाही!” अध्यक्ष म्हणाले, “मग ते लिहा. ‘मेव्हणी जेवत नाही’ हा चांगला मुद्दा आहे.” आणि दोघेही एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. संध्याकाळी हे घरी सांगितले, तेव्हा पत्नी म्हणाली, “दोघांना समोरासमोर बसवून एक-एक कप चहा पाजला असतात तर मिटलं असतं. पण मग तुम्ही काय लिहिलं असतं?” ही साक्ष मी जशीच्या तशी दिली आहे.

गंमत येथे संपली. मैदान म्हणजे एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, फरशीच्या गोदामामागचे सिमेंटचे आवार. त्यांनी ते केवळ मैत्रीखातर शुक्रवारी खेळायला दिले होते. दोन्ही लीगचे संघ एकाच वेळी उतरू लागले, एका रिंगखाली दोन सामने होऊ लागले, आणि एका शुक्रवारी धक्काबुक्की झाली. अर्बाब आपल्या लँडक्रूझरची काच खाली करून पाहत होते. त्यांनी मलाच जवळ बोलावले, कारण कागद धरून उभा असलेला मीच होतो. “सदीक,” म्हणजे मित्रा, अशी सुरुवात करून ते हिंदीत म्हणाले, “ग्राउंड एक, प्रेसिडेंट दो. ऐसा नहीं चलेगा. अगला जुम्मा एक कागज लाओ, एक प्रेसिडेंट, एक साइन. नहीं तो खलास. इधर मेरा ट्रक खड़ा होगा.” मी म्हणालो, “इन्शाल्ला, अर्बाब.” ते म्हणाले, “इन्शाल्ला नहीं. कागज.”

त्या आठवड्यात अध्यक्ष रोज दुकानात येत आणि काहीच लिहून घेत नसत. एकदा ते म्हणाले, “अ‍ॅटर्नी, आठवडाभर ही पोरे लिफ्ट दुरुस्त करतात, ताटे धुतात, लोकांचे केस कापतात. शुक्रवारी दोन तास त्यांच्या पाठीवर नंबर असतो. तेथे ट्रक उभा राहिला तर?” टाय त्यांनी त्या दिवशी घातलेला नव्हता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले.

शुक्रवारी दोन्ही बाजू मैदानात समोरासमोर बसल्या. अर्बाब गाडीत, काच खाली. पुन्हा टाय बांधून आलेल्या अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि विचारले, “कोणाची तक्रार?” आचारी उठले. त्यांच्या हातात माझाच मसुदा होता. माझ्या हातून इतका मुद्देसूद मसुदा पूर्वी झाला नव्हता. त्यात एवढेच होते की, या मोसमात अध्यक्ष एकदाही मैदानात उतरलेले नाहीत. ते खरेच होते. त्यांचे गुडघे त्या वर्षी सुजलेले होते आणि भांडणाच्या नादात ते मिनिट राहून गेले होते. मोसम मात्र संपलेला नव्हता. अजून सामने बाकी होते. मी अध्यक्षांच्या कानाशी वाकलो. “आत्ता उतरा. एक मिनिट. कलम पूर्ण होते, तक्रार पडते.” दोन-तीन पोरे तर त्यांच्यासाठी बनियन घेऊन उभीही होती. “यल्ला कुया, यल्ला!” म्हणत होती. यल्ला म्हणजे अरबीत चला, आणि कुया म्हणजे त्यांच्या भाषेत दादा.

अध्यक्षांनी बनियन हाताने बाजूला सारले. मग मला म्हणाले, “अ‍ॅटर्नी, तक्रार दाखल झाल्यानंतर केलेली दुरुस्ती त्या तक्रारीला लागत नाही. हा निर्णय मीच दिलेला आहे, पंचाच्या बुटांच्या प्रकरणात.” आणि उभे राहून त्यांनी जाहीर केले, “तक्रार मंजूर. अध्यक्षपद रिकामे.”

 आचारी हातातला मसुदा उलटसुलट करून पाहू लागले. जिंकण्याची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा अध्यक्ष, जे आता अध्यक्ष नव्हते, पुढे म्हणाले, “घटनेप्रमाणे रिकामे पद उपाध्यक्षांकडे जाते.” आचारी म्हणाले, “पण मी तर राजीनामा दिला. मी दुसऱ्या लीगचा...” “आउट ऑफ ऑर्डर!” ते कडाडले. “तुझ्या राजीनाम्याला कोणीही अनुमोदन दिलेले नाही. मी तो मंजूर केलेला नाही. तू एक दिवसही उपाध्यक्षपदावरून हललेला नाहीस. म्हणून दुसरी लीग झालेलीच नाही. म्हणून लीग एक आहे, आणि तू तिचा अध्यक्ष आहेस. कोणाची काही हरकत?” कोणाचीच हरकत नव्हती. आचारी त्यांच्या गळ्यात पडून असे रडले की टाय ओला झाला, आणि मी अर्बाबकडे कागद नेला. अर्बाबनी एक सही पाहिली, मान हलवली आणि विचारले, “वो छोटा आदमी हारा या जीता?” मी कागद घडी करून त्यांच्या हाती दिला. मेव्हणीने त्या दिवशी सर्वांसमक्ष बिर्याणी खाल्ली, हे मी स्वतः पाहिले आहे.

घंटा त्यांनी तेथेच नव्या अध्यक्षांच्या हाती दिली. पुढे काही शुक्रवार ते प्रेक्षकांत बसले, प्रत्येक शिट्टीला अर्धे उठत आणि पुन्हा बसत. मग दवाखान्याने सोहारला शाखा काढली आणि त्यांना तिकडे पाठवले. सोहारलाही त्यांचे देशबांधव खेळतात, परंतु तेथील सर्व कारभार कारखान्याचा एक सेफ्टी अधिकारी पाहतो. तो म्हणेल तसे सर्व करतात. कोणी भांडत नाही, कोणी रुसत नाही, म्यूजसुद्धा वेळेवर येते. अशा ठिकाणी या मनुष्याने करावे काय? दर शुक्रवारी दुपारी त्यांचा मला फोन येतो. “अ‍ॅटर्नी, काही प्रोटेस्ट?” मी सांगतो, “नाही.” “एखाद्या खेळाडूच्या प्रांताबद्दल?” “नाही.” “म्यूजबद्दल तरी?” “नाही हो, सगळे गुण्यागोविंदाने खेळतात.”  मग ते म्हणतात, “दॅट इज गुड. व्हेरी गुड.” आपल्याकडे निवृत्त मास्तरांना शाळेचा निकाल चांगला लागल्याचे कळवले तर ते जसे म्हणतात, अगदी तसे. मध्यंतरी पत्नीने माझ्या हातून फोन घेतला आणि त्यांना आपल्या मोडक्या हिंदीत खडसावून सांगितले, “भाऊजी, आमच्या बिल्डिंगमधली सेक्रेटरी मीटिंगच घेत नाही. तुम्ही या आणि काहीतरी करा.” ते तासभर तिला प्रश्न विचारत होते. त्या तासात त्यांचा आवाज पूर्वीसारखा होता.

सबब विद्यमान अध्यक्ष यांस अर्जदाराची सविनय विनंती की, चालू मोसम संपण्यापूर्वी लीगमध्ये किमान एक तक्रार, नीट मुद्दे घातलेली, दाखल व्हावी, आणि तिच्या सुनावणीसाठी सोहारहून माजी अध्यक्षांस लेखी बोलावणे जावे. तक्रार खरी असावी. खोटी ते दुरून ओळखतात. सध्याच्या सलोख्यामुळे लीगमध्ये प्रतिवादी मिळत नसल्यास खुद्द अर्जदाराविरुद्ध तक्रार करण्यास अर्जदाराची संमती आहे. कारणे पुष्कळ सापडतील. माझी पत्नी ती पुरवील. मसुदा मीच लिहून देईन, आणि तो कच्चा लिहिणार नाही. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहत आहे. शुक्रवारी दुपारच्या आत ते मिळाल्यास उपकार होतील, कारण त्यानंतर फोन येतो.